मिशीवाल्या आत्याचं खरं नाव

— अहो नाही नाही, बोलू नका काकू, हसूसुद्धा नका, पॅक आहे तो, बोललात की तडकतो, आणि एकदा तडकला की सगळी मेहनत पाण्यात — माझी नाही हो, तुमच्या चेहऱ्याची. हो म्हणायचं असेल तर बोट वर करा. नाही म्हणायचं असेल तर — नाही म्हणायची वेळच येणार नाही, पॅक लागलेलं माणूस कशाला नाही म्हणेल? बोलायचं काम माझ्याकडे. ते मी बघते. मॅडम म्हणतात, तुझ्या कात्रीला धार नाही तेवढी तुझ्या जिभेला आहे. मॅडम आज नाहीत, म्हणजे आल्या होत्या सकाळी, माझ्यावर ओरडल्या आणि डोकं दुखतंय म्हणून घरी गेल्या, त्यामुळे आज भुवयाही मीच, केसही मीच, पॅकही मीच, आणि हा जो फोन मघापासून टेबलावर भुंग्यासारखा गुणगुणतोय ना, तो उचलायचीही मीच. पण मी उचलत नाही. कारण तो पार्लरचा फोन आहे, अपॉइंटमेंटचा, आणि आज त्यावर एकही बाई अपॉइंटमेंटसाठी फोन करत नाहीये. सगळ्या माझ्यासाठी करतायत.

सांगू का? सांगतेच. तसंही आज निम्म्या शहराला कळलंय, तुम्हीच का मागे राहायचं. ती प्रश्न विचारायची साइट आहे ना — बायका प्रश्न टाकतात, बायका उत्तरं देतात — तुम्ही आहात त्यावर? बोट वर! बाई गं, काकू, कसल्या मॉडर्न तुम्ही! कशासाठी, स्वयंपाक? विणकाम? हां, विणकामाचे नमुने छान असतात तिथे. मग तुम्ही कधीतरी मिशीवाल्या आत्याचं वाचलं असेल. ती हो — आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, त्यावरून घेतलेलं नाव — 'मिशीवाली आत्या'. वय पासष्ट, विधवा, गुडघे दुखतात, स्पष्टवक्ती. सासवा-सुना, जावा-नणंदा, नवरा घोरतो, मुलगा बोलत नाही, शेजारीण कचरा आमच्या दारात लोटते, असलं काहीही विचारा, आत्या फटकन उत्तर देणार, आणि शेवटी लिहिणार, 'चला, गुडघे धरलेत, उठते आता.' त्या वाक्याला तर बायका रडतात. एकीनं गुडघ्याला लावायचं तेल पाठवू का म्हणून विचारलं होतं.

तर ती आत्या — म्हणजे मी.

बघा, तडकला! हनुवटीपाशी. हसलात ना? थांबा, ब्रश फिरवते. अहो मलाही हसूच येतं. चोवीस वर्षांची मी, गुडघे ठणठणीत, दोन जिने उड्या मारत येते. पण चोवीस वर्षांची मुलगी बोलली तर ऐकतं कोण? घरी मी तोंड उघडलं की आई म्हणते, तू गप बस, तुला काय कळतं. आणि तीच आई — देवाशपथ — आत्याची उत्तरं मला वाचून दाखवते! 'बघ, अनुभवी बाई आहे, शिक जरा.' मी म्हणते, हो गं. तेच उत्तर मी आदल्या दिवशी जेवताना तिला दिलेलं असतं. तर तेव्हापासून मला कळलं, बोलणारं तोंड कुठलं हे बघूनच लोक ठरवतात की बोलणं शहाणपणाचं आहे की आगाऊपणाचं. म्हटलं, मग तोंडच बदलू. आमचा धंदाच तो.

आणि गंमत ऐका — मॅडमनी पण विचारलं होतं आत्याला! टोपणनावानं हो, पण मला वाक्यावरून कळलं ना. 'माझ्याकडे कामाला एक मुलगी आहे, हात चांगला आहे पण फार बडबडते, गिऱ्हाइकांचं डोकं खाते, काढून टाकू का?' काय म्हणाली असेल आत्या? आत्या म्हणाली, 'बाळा, बडबडी माणसं मनानं साफ असतात. ठेव तिला. शक्य असलं तर रविवारी सुट्टीही दे.' दिली की हो मॅडमनी! सहा महिने रविवारची सुट्टी मिळतेय मला, स्वतःच्याच शिफारशीवर. आता कळलं ना, सकाळी का ओरडल्या?

कसं कळलं त्यांना? हां, तेच तर. त्याचं असं झालं — गेल्या महिन्यात साइटनं नियम काढला. म्हणे टोपणनावांच्या आडून लोक शिव्या देतात, फसवतात, पुरुष बायका बनून येतात. खरं आहे ते, येतात. एक तर आत्याला लग्नाची मागणी घालत होता, गुडघ्यांसकट. तर म्हणे आता प्रत्येकानं खरं कोण ते सिद्ध करायचं. 'खरी माणसं, खरा विश्वास' — असं लिहून आलं, वर गुलाबी हृदय. ओळखपत्राचा फोटो, स्वतःचा चेहरा, फोन नंबर. घाबरू नका, नाव टोपणच दिसेल, खरं फक्त आमच्याकडे, कडीकुलपात. नाही केलंत तर खातं बंद, लिहिलेलं सगळं तसंच राहणार पण तुम्हाला हात लावता येणार नाही. आता बोला! माझंच लिहिलेलं आणि मीच बाहेर. म्हटलं करून टाकू. ओळखपत्र काढलं, त्यावरचा फोटो अठराव्या वर्षीचा, तेव्हा मी भुवया करत नव्हते, इथून तिथपर्यंत एकच सलग पट्टी, जसा काही कुणी मार्करनं ओढलाय. ते मशीन म्हणतं, चेहरा गोलात बसवा. बसवला. डावीकडे बघा. उजवीकडे बघा. डोळे मिचकावा. मिचकावले. 'जुळत नाही.' परत. 'जुळत नाही.' अहो कशा जुळतील, जुळू नयेत म्हणून तर सहा वर्षं दोरा फिरवतेय! शेवटी काजळाच्या पेन्सिलनं मधली जागा भरली. लगेच हिरवी टिक. म्हणजे बघा, खरी मी कोण, हे सिद्ध करायला मला मेकअप करायला लागला.

पण मुख्य माती खाल्ली ती नंबरात. खातं उघडलं तेव्हा माझा फोन फुटलेला होता, म्हणून पार्लरच्या फोनवरून उघडलेलं. तोच नंबर पडला. आता हा नंबर कुणाकडे आहे? सगळ्या गिऱ्हाइकांकडे! कुणी 'पार्लर' म्हणून सेव्ह केलाय, कुणी 'भुवया' म्हणून, एकीनं तर 'महाग पार्लर' असं केलंय, आणि परत दर महिन्याला येते. आणि काल संध्याकाळपासून साइटनं नवीन काढलंय, 'तुमच्या ओळखीची माणसं'. तुमच्या फोनमधले नंबर ते बघणार, त्यांच्या कडीकुलपातले नंबर बघणार, जुळले की तुम्हाला आनंदाची बातमी. तर सगळ्या बायकांना आली ना — 'तुमच्या फोनमधली "भुवया" इथे "मिशीवाली आत्या" या नावानं आहे. नमस्कार करा!'

करतायत नमस्कार सकाळपासून.

नाही, साइटनं खोटं काही केलं नाही बरं का. वचन पाळलं अगदी. नाव कुठे सांगितलं माझं? नाहीच सांगितलं. फक्त दोन गोष्टी शेजारी-शेजारी ठेवल्या. चोरी नाही, चहाडी नाही, नुसता शेजार. आता पार्लरमध्ये कामाला मॅडम आणि मी, आणि मॅडमना तर लिहिताना दोन ओळींत चार चुका होतात, मग राहिलं कोण? सकाळी आल्या आल्या एक बाई, आपल्या समोरच्या गल्लीतल्या, दारातूनच — 'तूच का गं ती? मी तुझ्या सांगण्यावरून नणंदेशी बोलणं सोडलं!' मी म्हटलं, बरं झालं ना सोडलंत ते? त्या म्हणाल्या, 'झालं गं, पण पासष्ट वर्षांच्या बाईच्या सांगण्यावरून सोडलं होतं!' म्हणजे सल्ला तोच, नणंद तीच, फक्त सांगणारीचे गुडघे दुखत नाहीत म्हटल्यावर सल्ला नासला.

काय? बोलू नका — काय म्हणताय, लपवायचंच कशाला? ज्याचं मन साफ त्याला भीती कशाची? अगदी आमच्या बाबांसारखं बोललात. बाबा पण तेच म्हणतात, चांगल्या माणसाला पडदा कशाला. मग काकू, रागावू नका हं, तुम्ही आत आलात तेव्हा पहिलं काय म्हणालात मला? 'तो पडदा ओढून घे गं.' आता तुम्ही काय पाप करताय का इथे? तोंडाला माती लावून आडव्या पडलाय. त्यात काय लपवायचं? तरी रस्त्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यानं बघू नये वाटतं. मलाही वाटतं. पडदा पापाला नसतो हो. अर्धवट असताना बघू नका, एवढंच असतं त्यात. पॅक उतरला, चेहरा पुसला, मग बघा की खुशाल! तशीच ती टोपणनावं. अर्धवट असताना बोलायची जागा.

माझं जाऊ दे. माझं काय, हसं झालं, फार तर मॅडम काढतील, दुसरं पार्लर. पण सगळ्यांचं हसण्यावारी नाही जात ना. एक आहे — नाव नाही सांगणार हं, मी काय वेडी? मला माहीतच नाही तिचं नाव. तिथलं नाव सांगते, ते तर सगळ्यांनाच दिसतं. 'उणे अडीच'. चष्म्याचा नंबर हो. तिचा स्वतःचा नंबर असेल असं मला वाटायचं, पण ती म्हणाली, नाही, आमच्या घरात माझी किंमत. कसली बोलते ना? चष्म्यांचं काम करते ती, शिकलेली आहे त्यातली, डोळे तपासते, काचा बसवते. सासरचं दुकान आहे. सगळं हीच बघते, आणि गल्ल्यावर नवरा बसतो, आणि नवऱ्याच्या मागे सासू. दुकानाची पाटीसुद्धा सासूच्या पसंतीची, पोपटी रंगाची, डब्या पोपटी, पिशव्या पोपटी, ती म्हणते, आत्या, मला स्वप्नंपण पोपटी पडतात.

सुरुवातीला नुसत्या तक्रारी असायच्या. माझं शिक्षण काढतात, माझा फोन तपासतात, असं. आत्या आपली सांगायची, ताई, असं कर, तसं कर. मग एकदा तिनं लिहिलं, नवऱ्यानं हात उगारला. आत्यानं लिहिलं, पहिल्यांदा उगारला ना, तिथेच सांग. मग परत लिहिलं, या वेळी उगारून थांबला नाही. त्या दिवशी काकू, मी तासभर या खुर्चीत बसून होते, तुमच्या आत्ताच्या जागी. आत्या दोन ओळी लिहायची आणि खोडायची. पासष्ट वर्षांचा अनुभव म्हणे! मी तिला खरंच विचारलं, मग तुला काय पाहिजे? तर म्हणाली, नोकरी. बस. तर मग शोधली ना तिनं. दुसऱ्या शहरात, डोळ्यांच्या हॉस्पिटलात. मिळाली. मुलीला घेऊन जाणार आहे. लहान आहे मुलगी, शाळा सुटली की दुकानातच असते आईजवळ, रिकाम्या फ्रेमा घालून बसते.

आणि हे सगळं तिथे लिहिलेलंय. उघडं! कुणीही वाचू शकतं. वाचतात पण. आजपर्यंत काही झालं नाही, कारण कुणाला माहीतच नव्हतं की ती कोण. 'उणे अडीच' म्हणजे कुणीही. आणि तिनंही केलं ना हो ते, हिरवी टिक, नियमच होता. तिच्या फोनचं सिमसुद्धा नवऱ्याच्या नावावर आहे. नंबर सासूच्या फोनमध्ये, नवऱ्याच्या फोनमध्ये, नणंदेच्या फोनमध्ये. ज्या दिवशी ती आनंदाची बातमी त्यांच्यापैकी एकाला जाईल — 'नमस्कार करा' — त्या दिवशी गेल्या दोन वर्षांतलं एकेक वाक्य तिच्या नावावर चढेल. ज्या वेळी लिहिलं तेव्हा कुणाचंच नव्हतं ते! आज एकदम तिचं. आणि खोडताही येत नाही. अर्ज करा म्हणे, महिनाभरात विचार करू.

तुमचा कपाळाचा तडकलाय. हो, मधोमध. कपाळाला आठी घातलीत का? वाईट वाटतंच हो, मलाही वाटतं. राहू दे, आता सुकत आलाय, ब्रश नाही फिरवत.

अहो मी सकाळीच कळवलं ना तिला! खाजगीत. म्हटलं ताई, माझा असा असा पोपट झालाय, तुमचाही होईल, काय करायचं? ती म्हणाली, शुक्रवारपर्यंत टिकू दे एवढंच म्हणा. काय? शुक्रवार का? कारण शुक्रवारी घरात कुणीच नाही ना. नवरा आणि सासू दोघं लग्नाला जाणार बाहेरगावी, हिला दुकान सांभाळायला ठेवून. हिनंच सांगितलं, तुम्ही जा, मी बघते दुकान. कसली हुशार! सामान? बॅग केव्हाच भरलेलीय, दुकानातच आहे, मागच्या खोलीत, रिकाम्या डब्यांच्या मागे, तिथे कुणी जात नाही. सर्टिफिकिटं पण त्यातच. किती वाजता? सकाळी यांची गाडी गेली की ही — तुम्हाला काकू एकदम वेळबिळ — बरं वाटलं पण, तुम्ही असं मन लावून ऐकताय. नाहीतर बाकीच्या बायका झोपतात पॅकमध्ये. तुम्हालाही लग्नालाच जायचंय ना, मघाशी म्हणालात. मुलगा इथे सोडून गेला तुम्हाला आणि तो कोट आणायला — परवा ना तुमचं पण? लग्नाचा सीझनच आहे.

तुमचा फोन वाजला. नाही, मेसेज आहे. उठू नका, मी बघते. चष्मा कशाला, पॅक लागेल काचांना, मी वाचते की, मला सवय आहे, बायका डोळे मिटून असतात आणि मी त्यांचे मेसेज वाचून दाखवते, घरचे, दारचे. कुठे ठेवलात — पर्समध्ये? काढू ना? हा चष्म्याचा डबा बाजूला — केवढा पोपटी —

हा फोन. थांबा हं. साइटचाच आहे, बघा, तुम्हालाही आली आनंदाची बातमी. 'तुमच्या फोनमधली "सूनबाई" इथे —'

...

नाही, आहे ना. वाचते. जाहिरात आहे. कसलीतरी. लोकरीची. 'सूनबाई लोकर', मऊ असते, धुतली तरी — तुम्ही विणता ना, म्हणून पाठवली असेल, त्यांना सगळं कळतं. नाही नाही, नका उठू! खुर्ची मागे केलीय मी, पाय वर आहेत, चक्कर येईल. अजून एक स्टेप राहिली. मुख्य स्टेप! डोळ्यांवर थंड कापूस. हा ठेवला. आणि हा दुसरा. आता उघडायचे नाहीत डोळे, औषध आहे त्यात, चुरचुरतं. फोन? फोन माझ्याकडे आहे. म्हणजे टेबलावर. इथे रेंज नसते. हो, मेसेज आला, येतात ते, जाताना मात्र जात नाहीत.

टकटक? ती मी. मी टाइप करतेय. मॅडमना. 'आत्ता' — म्हणजे मॅडमना विचारतेय, आत्ता आलेल्या नवीन गिऱ्हाइकाला ती फुकट योजना लागू आहे का. आहे लागू! पायांचा मसाज, डोक्याचा मसाज, हात. सगळं. पहिल्यांदा येणाऱ्यांना. आज शेवटचा दिवस. अहो बोर्ड कशाला लावायला पाहिजे, चांगल्या योजनांचा बोर्ड नसतो.

कुठलं दुकान? मी कुठल्या दुकानाचं म्हणाले? चष्म्याचं? छे! चपलांचं. चपलांचं म्हणाले मी. उणे अडीच म्हणजे — चपलेचा नंबर. लहान पाय आहेत तिचे. पोपटी? जांभळं हो, सगळं जांभळं, आणि ती सून नाहीच, मावशी आहे कुणाची तरी, वयस्कर, आणि शुक्रवार म्हणजे पुढच्या वर्षीचा. आणि खरं सांगू का काकू, मी बनवते या गोष्टी. बडबडी आहे ना मी, मॅडमना विचारा. आत्ता तासाभरात मी तुम्हाला किती खोटं सांगितलं, पासष्ट वर्षांची आहे म्हणून सांगितलं जगाला, माझ्यावर कसला विश्वास ठेवता! माझ्या पोटात काही राहत नाही म्हणतात, तर काहीबाही तयार करून बाहेर टाकावंच लागतं ना मला.

हात सोडा ना काकू. दुखतंय. मी पायाला तेल लावते, तुम्ही निवांत —

वाजतोय, हो. तुमचाच. कुणाचा आहे? कंपनीचा आहे. कर्ज हवंय का विचारतात. केला बंद. 'चिरंजीव' नावाची कंपनी आहे, फार त्रास देतात. परत करतायत बघा. परत बंद. नाही, तुमच्या मुलाचा कसा असेल, तो कोट घालून बघत असेल ना, कोट घालून बघायला वेळ लागतो, बाह्या आखूड निघतात, मग आरसा, मग परत — त्यालाही आली असेल का हो जाहिरात? लोकरीची? तो बघतो का ती साइट? बोट तरी वर करा. नाही? नक्की नाही? देव पावला.

हा डावा पाय. टाच किती भेगाळलीय, उभं राहून राहून झालं असेल, की बसून? बसून पण होतं. सावकाश करते मी, घाई कसली, घाईचं काम वाईट असतं. मी गप्प आहे? नाही हो. श्वास घेत होते. बोलते की. काय बोलू? मीच म्हणत होते ना सकाळपासून, साइटनं काय केलं, साइटनं काय केलं. कडीकुलपातल्या दोन गोष्टी नुसत्या शेजारी-शेजारी ठेवल्या म्हणून केवढी चिडले मी. आणि मी काय केलं? दुकान सांगितलं, रंग सांगितला, दिवस सांगितला, बॅग कुठल्या डब्यांमागे तेसुद्धा सांगितलं. नाव तेवढं नाही सांगितलं बरं का! वचन पाळलं अगदी. साइटला निदान हिशोब तरी करावा लागला. मला नुसता एक कान मिळाला तर —

गुणगुणला. पार्लरचा. थांबा, हात तेलकट आहे, पुसते.

...

नाही, काही नाही. मॅडमचं उत्तर आलं. काय म्हणतात? म्हणतात — झालं. झालं म्हणतात.

हा काढला कापूस. उघडा डोळे. पॅक पुसते, एक मिनिट, गरम रुमालानं, मानेचाही. हा डबा, हा चष्मा. लावा. आणि हा तुमचा फोन. वाचा आता, सावकाश वाचा. लोकर नाहीच ती. हो. हो, मला माहीत होतं, वाचलं तेव्हापासून. तुम्हालाही होतं ना, त्याच्या आधीपासून? कपाळ तडकलं तेव्हापासून? आणि पडून राहिलात, वेळ विचारलीत, बॅग विचारलीत. आत्याला शोभेल असं डोकं आहे तुमचं काकू, खरंच.

ओरडा ना, ओरडून घ्या, पडदा ओढलेला आहे. मॅडमना सांगा, खुशाल सांगा, नंबर तुमच्याकडे नसेल तर देते. पोलीस? सांगा. माझं नाव हवंय? नाव, पत्ता, चेहरा, डावीकडून, उजवीकडून, सगळं आहे तिथे साइटकडे, पडताळलेलं. मी अगदी खरी आहे. पण ती कुठल्या शहरात चाललीय ते नका विचारू, ते मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण ते तिनं मलाही नाही सांगितलं. माझ्यासारखीला ओळखून होती म्हणायची. शहाणी आहे हो तुमची सून. उणे अडीच कसली.

लावा की फोन, दुकानात लावा. लागतोय? रिंग जातेय ना? हो, इथे रेंज आहे, चांगली आहे. उचलत नाही? परत लावा. नाही उचलत?

गर्दी असेल काकू दुकानात. जा तुम्ही. दार ओढून घ्या जाताना.